साखळीचा हिशोब

'दामदुप्पट' या शब्दाचा प्रवास मोठा गमतीदार आहे. आज हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येतं एखादं गुळगुळीत पत्रक, नाहीतर 'इतक्या महिन्यांत पैसे डबल' असा कुणीतरी पुढे ढकललेला मेसेज. पण मुळात हा धर्मशास्त्रातला नियम. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, असा. शंभर रुपयांचं कर्ज कितीही वर्षं तुंबलं तरी दोनशेच्या वर मागायचं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली कोर्टंसुद्धा हा नियम मानत होती. म्हणजे ज्या शब्दाने एकेकाळी ऋणकोला सावकाराच्या लोभापासून वाचवलं, तोच आज आपल्याला आपल्याच लोभाच्या तोंडी देण्यासाठी वापरला जातो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या काही महिन्यांत आलेली तीन आमंत्रणं. तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडून, तिन्ही वेगवेगळ्या 'कंपन्यां'ची. रोज पंधरा मिनिटं मोबाईलवर काम, घरबसल्या कमाई, आणि 'तू जॉइन झालास की दोघांना घेऊन ये'. एकाला उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून इथेच लिहितोय. उपदेश कमी आणि इतिहास जास्त करायचा विचार आहे, कारण या योजनांचा इतिहास कळला की उपदेशाची फारशी गरज उरत नाही.

सुरुवात पोस्टकार्डापासून करू. माझ्या पिढीच्या मंडळींना संतोषी मातेचं पोस्टकार्ड नक्की आठवत असेल. 'हे पत्र मिळाल्यावर अशीच इतकी पत्रं लिहून पाठवा, अमक्याने पाठवली त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडून टाकलं त्याचं असं असं झालं.' घरातली एखादी आजी घाबरून नातवंडांना कार्डं लिहायला बसवायची. त्यात फायदा झाला तो टपाल खात्याचा. पण गंमत बघा, त्या कार्डात साखळीचं सगळं यंत्र तयार होतं. थोडी आशा, थोडी भीती, आणि पुढच्या अकरा जणांचे पत्ते. त्यात फक्त पैसे घालायचे बाकी होते.

ते पैसे अमेरिकेत १९३५ सालीच घालून झाले होते. मंदीचे दिवस होते. डेन्व्हर शहरात एक पत्र फिरू लागलं. त्यात सहा नावं आणि पत्ते. सगळ्यात वरच्या नावाला एक डाईम, म्हणजे दहा सेंट पाठवायचे. ते नाव खोडायचं, तळाशी आपलं लिहायचं, आणि अशी पाच पत्रं पाच ओळखीच्यांना पाठवायची. तुमचं नाव वर पोचेपर्यंत १५,६२५ जणांच्या हातात पत्र असेल, म्हणजे तुम्हाला १,५६२ डॉलर ५० सेंट मिळतील. दहा सेंटांचे दीड हजार डॉलर! डेन्व्हरचं पोस्ट ऑफिस पत्रांखाली अक्षरशः दबून गेलं. टपाल खातं 'हे बेकायदेशीर आहे' म्हणून सांगत राहिलं आणि काही आठवड्यांत हे लोण दुसऱ्या शहरांत पसरलं.

आता त्या पत्रातला आकडा खोटा होता का? नाही. सहा वेळा पाच मांडून ते एकमेकांशी गुणले तर उत्तर १५,६२५ हेच येतं. म्हणूनच लोक फसतात. कागदावरचं गणित बरोबर असतं. फक्त ते एका माणसाचं असतं. आता त्याच १५,६२५ जणांना तेवढेच पैसे मिळायचे असतील, तर पत्र किती लोकांच्या हातात जायला हवं? १५,६२५ गुणिले १५,६२५. म्हणजे २४ कोटी ४१ लाखांहून जास्त. आणि १९३० च्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेची लोकसंख्या होती १२ कोटी ३० लाखांच्या आसपास, तान्ह्या बाळांसकट. म्हणजे दुसऱ्याच फेरीत देश संपला!

हा झाला पिरॅमिड, अर्थात आपल्याकडची 'चेन'. यात निदान एवढं तरी उघड असतं की माणसं आणायची आहेत. याचाच एक सख्खा भाऊ आहे, त्यात तेसुद्धा दिसत नाही. त्याचं नाव पॉन्झी.

चार्ल्स पॉन्झी हा इटलीतून अमेरिकेत आलेला गृहस्थ. १९२० साली त्याने बॉस्टनमध्ये धंदा मांडला. परदेशी पत्रव्यवहारासाठी 'इंटरनॅशनल रिप्लाय कूपन' मिळायचं. एका देशात विकत घ्यायचं, दुसऱ्या देशात त्याबदली टपालाची तिकिटं मिळायची. पहिल्या महायुद्धानंतर इटलीचं चलन घसरलेलं, तेव्हा तिथे स्वस्तात कूपन घेऊन अमेरिकेत वटवलं तर फरक सुटेल, ही कल्पना मुळात अगदीच खोटी नव्हती. तो म्हणायचा, ९० दिवसांत ५० टक्के नफा देतो. आणि द्यायचा ४५ दिवसांतच! लोक रांगा लावून पैसे द्यायला लागले. पुढे क्लॅरेन्स बॅरन या अर्थपत्रकाराने एक साधा हिशोब मांडला: पॉन्झीने घेतलेल्या पैशांच्या मानाने सुमारे १६ कोटी कूपनं बाजारात असायला हवीत, प्रत्यक्षात होती २७ हजारांच्या घरात. जुन्या माणसाला नव्या माणसाचे पैसे दिले जात होते, बस्स. बॉस्टन पोस्ट या वर्तमानपत्राने हे छापल्यावर कचेरीसमोर गर्दी उसळली. पॉन्झीने काय करावं? गर्दीला कॉफी आणि डोनट वाटले, आणि मागतील त्यांना पैसे परत द्यायला सुरुवात केली. ते पाहून कित्येकजण पैसे न मागताच घरी गेले. ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली तेव्हा त्यांच्या हातात उरली ती फक्त चिठ्ठी.

या डोनटचा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण आजही ग्रुपवरचं पहिलं वाक्य तेच असतं: 'अरे, मला मिळालेत पैसे! हा बघ स्क्रीनशॉट.' आणि तो माणूस खोटं बोलत नसतो. सुरुवातीच्यांना पैसे मिळतातच, ते दिल्याशिवाय पुढचे येणार कसे? शेतकरी पेरणीला बियाणं टाकतो, तसे हे पैसे टाकलेले असतात. त्यामुळे 'मला मिळाले' हा योजना खरी असल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

इंटरनेट आल्यावर काय बदललं? तत्त्व तेच राहिलं, वेग मात्र वाढला. पत्राला आठवडा लागायचा, मेलला सेकंद लागतो. दुसरं म्हणजे 'काम' आलं. नुसते पैसे दुप्पट म्हटलं की माणूस बिचकतो, पण कामाचा मोबदला म्हटलं की मन शांत होतं. अमेरिकेत २००५-०६ मध्ये 'ट्वेल्व्ह डेली प्रो' नावाची एक साइट होती. सहा डॉलरचा एक हिस्सा घ्यायचा, रोज बारा जाहिराती उघडून बघायच्या, आणि बारा दिवस रोज १२ टक्के मिळवायचे. म्हणजे बारा दिवसांत शंभराचे एकशे चव्वेचाळीस. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने खटला भरला तेव्हा कळलं की ३ लाखांहून जास्त लोकांनी ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम ओतली होती, आणि साइटच्या उत्पन्नातला किमान ९५ टक्के हिस्सा सभासदांनीच भरलेला होता. जाहिराती दाखवण्यापुरत्या होत्या.

आपल्याकडे हेच नाटक वेगळ्या वेषात आलं. २०१० मध्ये 'स्पीक एशिया' आली, सिंगापूरची म्हणून. ११,००० रुपये भरून वर्षाचं सभासदत्व घ्यायचं, आठवड्याला दोन सर्व्हे भरायचे, प्रत्येकी ५०० रुपये. मे २०११ मध्ये बातम्या आल्या, पैसे थांबले, आणि पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवून तपास सुरू केला. तेव्हा सभासदांची एक संघटना चक्क कंपनीच्या बाजूने उभी राहिली, कोर्टापर्यंत गेली. बाहेरून बघणाऱ्याला हे वेडेपण वाटतं, पण त्यात एक तर्क आहे. आपण ज्यांना आणलं त्यांच्यासमोर उभं राहायचं, तर कंपनी खरी असायलाच हवी होती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये नोएडाचं 'सोशल ट्रेड' प्रकरण बाहेर आलं. ५,७५० ते ५७,५०० रुपये भरा आणि घरबसल्या लिंकवर क्लिक करा, दर क्लिकला ५ रुपये. उत्तर प्रदेश पोलिसांच्या म्हणण्यानुसार यात सुमारे ३,७०० कोटी रुपये गोळा झाले. इथे एकच प्रश्न विचारून बघा. जो माणूस पान न वाचता दिवसभर नुसता क्लिक करत सुटला आहे, त्याच्या एका क्लिकला ५ रुपये देणारा जाहिरातदार या भूतलावर कोण असेल? आणि कामच असेल, तर कामावर लागण्यासाठी मी पैसे का भरायचे? आमच्या गिरणीतल्या आजोबांना कुणी 'आधी साडेपाच हजार भरा, मग साचा चालवा' म्हटलं असतं, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही :-)

मग आली नाणी. 'गेनबिटकॉइन'ने दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असं आश्वासन दिलं. पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रमुखाला अटक केली. या योजनेतली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकांनी भरले होते बिटकॉइन, पण पुढे परतावा मिळू लागला तो यांनीच काढलेल्या दुसऱ्याच एका नाण्यात. दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देतो ना, तसं. फरक इतकाच की चॉकलेट निदान खाता तरी येतं.

'वनकॉइन' तर याच्याही पुढचं. बल्गेरियात २०१४ मध्ये सुरू झालेल्या या नाण्यामागे खरी ब्लॉकचेनच नव्हती. पडद्यावर दिसणारा भाव कंपनी स्वतः ठरवून लिहायची. अमेरिकन सरकारी वकिलांच्या मते जगभरातून ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम गेली. संस्थापक रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ मध्ये बेपत्ता झाली आणि जून २०२२ मध्ये एफबीआयने तिचं नाव 'मोस्ट वॉन्टेड' दहा जणांत घातलं. पण आपल्यासाठी महत्त्वाची तारीख त्याआधीची आहे. एप्रिल २०१७ मध्ये, ती गायब होण्याच्या सहा महिने आधी, नवी मुंबईत वनकॉइनची सभा चालू असताना पोलिसांनी तिथल्या प्रचारकांना पकडलं होतं. म्हणजे इशारा घराजवळच वाजला होता.

पत्र, कूपन, क्लिक, सर्व्हे, नाणं. वस्तू बदलत गेली. मग या सगळ्यांत विकलं काय जातं? याचं उत्तर मला आमच्या एका काकूंमुळे मिळालं.

काकूंची भिशी होती. बारा बायका, दरमहा हजार, चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिला बारा हजार. अशी बावीस वर्षं चालली. त्यातून कुणाचा मिक्सर आला, कुणाच्या मुलीची फी भरली गेली, कुणाचं ऑपरेशन झालं. काही वर्षांपूर्वी काकू एका ऑनलाइन योजनेत शिरल्या (नाव लिहीत नाही). भिशीतल्या सात जणी त्यांच्या शब्दावर शिरल्या. पहिले चार महिने पैसे आले, पाचव्या महिन्यात अ‍ॅपवर 'सिस्टीम अपग्रेड' अशी पाटी लागली, आणि मग अ‍ॅपच उघडेना. काकूंचे स्वतःचे दीड लाख गेले. पण त्या मला दीड लाखांबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "हळदीकुंकवाला बोलावतात रे अजून. पण पूर्वीसारखं कुणी बसत नाही." भिशी बंद पडली ती पडलीच.

भिशी आणि चेन, दोन्हीत माणसं जमतात, पैसे फिरतात, विश्वास लागतो. फरक कुठे आहे? भिशीचा हिशोब मिटतो. बारा जणींनी वर्षभर बारा-बारा हजार घातले, बारा जणींना बारा-बारा हजार मिळाले. कुणालाही घातल्यापेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून कुणालाही कमी मिळत नाही. तेरावी बाई आली नाही तरी काही अडत नाही. चेनमध्ये मात्र तेरावी यावीच लागते, मग चौदावी, मग अठ्ठाविसावी. भिशीत विश्वास वापरला जातो आणि शिल्लक राहतो. चेनमध्ये तो जाळला जातो. काकूंनी बावीस वर्षांत जमवलेला विश्वास त्या अ‍ॅपने चार महिन्यांत वटवला, आणि त्याबद्दल काकूंना कमिशन दिलं. विकला गेला तो हा विश्वास.

म्हणून ओळखण्यासाठी माझ्याकडे एकच मुख्य प्रश्न आहे: उद्यापासून एकही नवा माणूस आला नाही, तर माझे पैसे कुठून येतील? बँकेला हा प्रश्न विचारा, ती म्हणेल कर्जदार व्याज देतो. किराणा दुकानदाराला विचारा, तो म्हणेल गिऱ्हाईक डाळ-तांदूळ घेऊन जातं. योजनेवाल्याला विचारा, तो तुम्हाला 'निगेटिव्ह विचार' न करण्याचा सल्ला देईल.

बाकी छोट्या खुणा अशा. 'आमची कंपनी रजिस्टर्ड आहे, जीएसटी नंबर आहे' याचा अर्थ नाव नोंदलंय एवढाच. लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी त्याने मिळत नाही. पडद्यावरची शिल्लक म्हणजे पैसे नव्हेत, ते बँकेत आले तरच पैसे. ते काढण्यासाठी आधी 'टॅक्स' किंवा 'फी' भरायला सांगितली, की समजावं खेळ संपला. आणि परतावा अचानक वाढायला लागला तर आनंदू नका. अल्बानियात १९९६ मध्ये अशा योजना दरमहा १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेल्या, मग एकीने तीन महिन्यांत तिप्पट द्यायचं कबूल केलं. १९९७ च्या सुरुवातीला सगळ्या कोसळल्या, देशात यादवी माजली आणि सुमारे दोन हजार माणसं मेली. शेवट जवळ आला की नवे पैसे जास्त लागतात, म्हणून आमिष वाढतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्याकडे १९७८ पासून मनी सर्क्युलेशन स्कीमवर बंदी घालणारा कायदा आहे आणि तो चालवणाऱ्यालाच नाही, तर सभासद करून घेणाऱ्याला आणि भाग घेणाऱ्यालाही लागू होतो. २०१९ मध्ये बेकायदा ठेव योजनांविरुद्धचा कायदा आला, २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना बंदी केली. म्हणजे 'मी फक्त दोघांना सांगितलं' हा बचाव कायद्यात बसत नाही. शंका आली तर रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' हे संकेतस्थळ आहे, ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता उरला सगळ्यात अवघड भाग. फोन अनोळखी माणसाचा नसतो. तो मावसभावाचा असतो, वर्गमैत्रिणीचा असतो, आणि नाही म्हणणं जड जातं. मी अलीकडे असं म्हणतो, "पैसे घालणार नाही, पण रविवारी ये, कागद-पेन्सिल घेऊन दोघं हिशोब मांडू." काहीजण येतात. काहींना राग येतो. पण 'मूर्ख आहेस का?' हे मात्र कधी म्हणू नये. तसं म्हटलं की तो माणूस तुमच्याशी बोलणं थांबवतो आणि ज्यांच्याशी बोलतो ते सगळे त्याच योजनेतले असतात. आणि बुडाल्यावर तर मुळीच म्हणू नये. आपणच आणलेल्या माणसांच्या लाजेने लोक तक्रारही करत नाहीत, आणि ते गप्प राहतात म्हणून तोच माणूस नवं नाव लावून दुसऱ्या गावात दुकान उघडतो.

तर आमच्या ग्रुपवरच्या तिघांनाही हेच सांगणं आहे. रागावलेलो नाही. रविवारी घरी आहे, चहा आहे, कागद आहे. आणि कुणाचे पैसे आधीच गेले असतील, तरीही या.